पानकिडे पाळायचे आहेत? आधी ब्लॅकबेरीचं झुडूप शोधा

परदेशात भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक वाद ठरलेला असतो. मुलांना घरात प्राणी हवा असतो, घरमालकाला कुत्रं-मांजर चालत नाही आणि आईबाबांना डिसेंबरात भारतात जायचं असतं. आमच्या घरी या वादातून पानकिडे आले आणि आता सगळ्यांचाच त्यांच्यावर जीव जडला आहे. ओळखीतलं कुणी विचारलं की मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे झुडपं, हवा आणि नियम इथलेच आहेत. भारत, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात असाल तर शेवटचा, कायद्याचा भाग सर्वांत आधी वाचा. तिथे गोष्ट वेगळी आहे.

पानकिडा हा काडीकिड्याचा भाऊबंद. चपटं हिरवं अंग, त्यावर पानाच्या शिरांसारख्या रेषा, पायांनाही पसरट पातळ झालरी आणि कडेला कधी कधी पान करपल्यासारखे तपकिरी डाग. चालताना तो मागेपुढे डुलत जातो, त्यामुळे वाऱ्याने पान हलल्याचा भास होतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. घरात वास नाही, केस नाहीत, भुंकणं नाही. नवशिक्यांसाठी सोपा प्राणी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं ते योग्यच आहे, फक्त दोन गोष्टी आधी जमायला हव्यात: बारा महिने ताजी पानं, आणि खेळती तरीही दमट हवा.

१५२१ साली मॅगेलनच्या मोहिमेतल्या अंतोनिओ पिगाफेट्टाने बोर्निओच्या बाजूच्या एका बेटावर ही चालणारी पानं पाहिली. त्यातलं एक त्याने नऊ दिवस डबीत ठेवलं आणि हे हवेवर जगत असावं अशी नोंद केली. आजही बरेच जण आधी किडा आणतात आणि त्याला काय घालायचं हे नंतर शोधतात. म्हणून पहिली पायरी खाण्याची.

१. झुडूप नक्की करा

पुढे मी सुचवलेली जात मूळची फिलिपिन्समधली. तिथे हे किडे पेरू, आंबा, रामबुतान अशा झाडांची पानं खातात. युरोपात पाळलेल्या किड्यांचं मुख्य अन्न म्हणजे ब्रॅम्बल, ब्लॅकबेरीची रानटी काटेरी झुडपं. इथे ती रेल्वेच्या कुंपणापासून कालव्याच्या काठापर्यंत सगळीकडे माजलेली असतात. दुसरं अन्न ओक. साध्या ओकची पानं हिवाळ्यात गळतात, पण होल्म ओक नावाचा सदाहरित प्रकार बऱ्याच बागांत असतो, तो हिवाळ्यात फार कामाला येतो. रास्पबेरीची पानंही चालतात.

उन्हाळ्यात झुडूप सापडणं अवघड नाही. खरी परीक्षा जानेवारीत असते. मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढलेल्या ब्रॅम्बलवर हिवाळ्यातही हिरवी पानं टिकतात, उघड्यावरची मात्र लाल-तपकिरी पडून झडतात. त्यामुळे घरापासून चालत जाता येईल अशा दोन-तीन जागा हेरून ठेवा आणि त्यातली एक तरी आडोशाची असू द्या.

पानं तोडताना एवढं सांभाळा:

- वाहतुकीच्या रस्त्याकडेची आणि शेताच्या बांधावरची पानं नकोत. तिथे धूर असतो, तणनाशक असतं. फवारलेलं पान दिसायला ताजंच दिसतं आणि एका रात्रीत सगळा पिंजरा रिकामा करतं.
- नर्सरीतून किंवा फुलवाल्याकडून आणलेलं रोप लगेच देऊ नका, त्यावर कीटकनाशक असण्याची शक्यता खूप असते.
- वसंतात फुटलेले अगदी कोवळे, पोपटी शेंडे खुडून टाका. पाळणारे जुने लोक ते देत नाहीत. गडद, पुरती उमललेली पानं द्या.
- घरी आणल्यावर पानं गार पाण्याखाली धुऊन झटका. कोळी असतील तर तेही निघून जातात.

२. जात ठरवा

नवीन माणसाने फिलियम फिलिपिनिकम घ्यावी. या जातीचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं. त्याआधी युरोपातल्या हौशी लोकांकडे ती दुसऱ्याच नावांनी फिरत होती, त्यामुळे जुन्या याद्यांत गोंधळ दिसला तर घाबरू नका. ही जात ब्रॅम्बलवर चांगली वाढते, नर-मादी दोन्ही मिळतात आणि अंडी त्या मानाने लवकर फुटतात. मादी सात-आठ सेंटीमीटर, नर पाचेक सेंटीमीटर आणि अंगाने सडपातळ.

मलेशियाकडची 'जायंट' म्हणून ओळखली जाणारी मोठी जात फोटोत भुरळ घालते. तिची अंडी फुटायला बराच जास्त काळ लागतो आणि पिल्लंही नाजूक असतात. पहिली पिढी हातून नीट निघाल्यावर तिच्याकडे वळा.

३. अंडी नको, अर्धी वाढलेली पिल्लं घ्या

अंडी स्वस्त असतात, पाकिटातून येतात, म्हणून नवशिके तीच मागवतात. मी स्पष्ट सांगते, सुरुवात अंड्यांपासून करू नका. पानकिड्याच्या आयुष्यातला सगळ्यांत नाजूक काळ म्हणजे अंड्यातून बाहेर आल्यानंतरचा पहिला आठवडा. तो तुमच्या अनुभवाचाही पहिला आठवडा असेल तर मुलांच्या डोळ्यांत पाणी येणार. दोन-तीन वेळा कात टाकलेली, हिरवी झालेली आणि नीट खाणारी चार ते सहा पिल्लं घ्या. पूर्ण वाढलेली मादी घेण्यातही अर्थ नाही, तिचं किती आयुष्य सरलंय ते कळत नाही.

कुठून घ्यायची? ब्रिटनमध्ये १९८० पासून फॅस्मिड स्टडी ग्रुप ही काडीकिडे आणि पानकिडे पाळणाऱ्यांची संस्था आहे. तिच्या सभासदांकडे जादा पिल्लं असतात आणि माहितीही बिनपैशाची मिळते. कीटकांची प्रदर्शनं भरतात, तिथे पिल्लं डोळ्यांनी पाहून घेता येतात. टपालाने मागवणार असाल तर कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाच्या लाटेत मागवू नका.

विकणाऱ्याला हे प्रश्न विचाराच:

- सध्या कुठल्या पानांवर आहेत? ओकवर वाढलेलं पिल्लू ब्रॅम्बल नाकारू शकतं. बदल करायचा तर दोन्ही पानं काही दिवस एकत्र ठेवावी लागतात.
- इथेच अंड्यातून निघालेत, की जंगलातून पकडून आणलेत? पकडून आणलेले घेऊ नका.
- सगळी एकाच वयाची आहेत का? याचं कारण पुढे सातव्या पायरीत येईल.

४. घर आणि साहित्य

- उभट पिंजरा, किमान ४० ते ४५ सेंटीमीटर उंच. निदान एक बाजू किंवा झाकण जाळीचं.
- अरुंद तोंडाची जड बाटली, फांद्या पाण्यात ठेवण्यासाठी
- बाटलीचं तोंड बंद करायला कापूस किंवा स्पंज
- बारीक तुषार सोडणारी फवाऱ्याची बाटली
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र
- थर्मोस्टॅट लावलेली गरम करणारी चटई, फक्त थंड घरासाठी
- तळाला घालायला साधा पांढरा कागद
- मऊ रंगाचा ब्रश

उंचीचा आग्रह यासाठी की किडा कात टाकताना उलटा लटकतो आणि स्वतःच्या अंगातून खाली सरकत बाहेर येतो. त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी मोकळी जागा खाली हवी. बाटलीचं तोंड बंद करायचं विसरू नका, पिल्लं देठावरून उतरून पाण्यात बुडतात.

पूर्ण जाळीचा पिंजरा की काचेचा, यावर वाद चालतो. इथल्या घरांत हिवाळाभर हीटिंग चालू असतं आणि हवा कोरडीठाक होते. अशा वेळी पूर्ण जाळीत पानं दोन दिवसांत वाळतात आणि कात अंगाला चिकटते. उलट, बंद काचेत ओल कोंडून बुरशी धरते. मला जाळीच्या झाकणाचा काचेचा पिंजरा सोयीचा पडतो. तुमच्याकडे जाळीचाच असेल तर हिवाळ्यात त्याच्या दोन बाजू प्लॅस्टिकच्या कागदाने झाका. झाकण उघडल्यावर पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या अर्धवट ओल्या कपड्यांसारखा वास आला, तर हवा कमी पडते आहे असं समजा.

तापमान २० ते २७ अंशांच्या दरम्यान, आर्द्रता साधारण ६० ते ८० टक्के. रात्री थोडं उतरलं तरी चालतं. चटई कधीही तळाखाली ठेवू नका, बाजूला लावा. खिडकीतलं थेट ऊनही नको, काचेचा पिंजरा बघता बघता तापतो.

५. रोजचं काम

काम खरोखर थोडं आहे. संध्याकाळी एकदा पानांवर तुषार मारायचा. किडे थेंब पितात आणि रात्री खातात. भिंतींवरून पाणी ओघळेल इतकं मारू नका, सकाळपर्यंत ते सुकलं पाहिजे. तीन-चार दिवसांनी फांद्या बदलायच्या, आठवड्यातून एकदा तळाचा कागद.

फांदी बदलताना मात्र घाई नको. जुनी फांदी कचऱ्यात टाकण्याआधी तिचं प्रत्येक पान उलटून बघा, आणि मग पुन्हा एकदा बघा. हा प्राणी कोट्यवधी वर्षं न दिसण्यातच तरबेज झालेला आहे. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत सापडलेला पानकिड्याचा जीवाश्म ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हाही तो पानासारखाच दिसत होता. मी प्रत्येक वेळी किडे मोजून नव्या फांदीवर ठेवते, मगच जुनी बाहेर नेते. किडा बोटांनी ओढू नका, त्याचे पाय निखळतात. त्याच्यासमोर पान धरा किंवा मागून ब्रशने हलकं ढकला, तो स्वतः चढतो.

पिंजऱ्यात गर्दी करू नका. पानं कमी पडली की पिल्लं एकमेकांच्या पोटाची कडा कुरतडतात. त्यांच्या दृष्टीने तेही पानच. एखाद्याच्या कडेला अर्धगोल चावा दिसला की पानं वाढवा किंवा किडे दोन पिंजऱ्यांत विभागा.

६. कात टाकण्याचे दिवस

वर्षभरात सगळ्यांत जास्त काळजी या दिवसांत घ्यावी लागते. मादी साधारण सहा वेळा आणि नर पाच वेळा कात टाकतो. आधी एक-दोन दिवस किडा खाणं सोडतो आणि पानाच्या खालच्या बाजूला किंवा जाळीला पायांच्या नखांनी घट्ट पकडून डोकं खाली करून लटकतो. किडा आजारी आहे असं वाटून पुष्कळ लोक याच वेळी त्याला हलवतात. तसं केलंत तर किडा हमखास जातो.

एकदा तरी हे पूर्ण बघा. पाठीवरची त्वचा डोक्यामागे उकलते, आतून फिकट, जवळजवळ पारदर्शक हिरवं अंग खाली घसरत येतं. आधी डोकं, मग एकेक करून पाय ओले धागे ओढल्यासारखे सुटतात. सगळे पाय मोकळे झाले की काही वेळ ते नुसतंच लोंबकळत राहतं, पोटाचं टोक अजून जुन्या कातीत अडकलेलं. मग अचानक वर वळतं, स्वतःचीच रिकामी कात पकडतं आणि शेवटचा भाग सोडवून घेतं. पोटाच्या कडा तेव्हा चुरगळलेल्या असतात, त्या हळूहळू पसरून सपाट होतात. नंतर बहुतेक वेळा ते कात खाऊनही टाकतं, त्यामुळे काहीच झालं नाही असं सकाळी वाटू शकतं.

या काळात पिंजरा हलवायचा नाही, फांद्या बदलायच्या नाहीत. आर्द्रता मात्र उतरू द्यायची नाही, आदल्या संध्याकाळचा तुषार चुकवू नका. कात टाकल्यावर पूर्ण एक दिवस हात लावू नका, अंग मऊ असतं. पाय अडकून तुटला तर तो पुढच्या एक-दोन कातींत लहानसा पुन्हा फुटतो, म्हणून लंगडणाऱ्या पिल्लाची आशा सोडू नका. शेवटच्या कातीनंतर तुटलेला पाय मात्र परत येत नाही.

७. नर, मादी आणि वयाचा हिशेब

नराच्या मिशा लांब आणि केसाळ असतात, पंख पारदर्शक असतात आणि तो उडतो. संध्याकाळी पिंजरा उघडण्यापूर्वी खोलीची खिडकी लावून घ्या. मादीच्या मिशा आखूड असतात, पोट रुंद असतं आणि ती उडत नाही. मादीला डिवचलं तर मिशा एकमेकींवर घासून ती अगदी बारीक आवाज काढते, कान जवळ नेला तर ऐकू येतो. आवाज आला की तिला सोडून द्या.

नर आधी वयात येतो आणि मोठा झाल्यावर काही आठवडेच जगतो. मादी नंतर वयात येते आणि पुढे कित्येक महिने जगते. म्हणजे एकाच दिवशी फुटलेली सगळी पिल्लं घेतली तर माद्या तयार होईपर्यंत नर संपू शकतात. म्हणून विकणाऱ्याला वय विचारायचं, आणि थोडी लहान-मोठी पिल्लं घ्यायची. नर नसला तरी मादी अंडी घालते. त्यातली काही फुटतातही, पण निघणाऱ्या सगळ्या माद्याच असतात आणि प्रमाण कमी असतं.

८. अंडी आणि पहिला आठवडा

मादी अंडी झटकून खाली टाकते. ती बियांसारखीच दिसतात, तपकिरी आणि कंगोरेदार. कागदावरच्या विष्ठेतून ती वेचून एका छोट्या डब्यात किंचित ओल्या वर्मिक्युलाइटवर (कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलकं, ओल धरणारं खनिज) किंवा वाळूवर नुसती ठेवा, पुरू नका. झाकणाला बारीक भोकं पाडा आणि झाकणावर तारीख लिहा. उबदार जागी चार ते सहा महिने लागतात. बुरशी दिसली तर ती अंडी बाजूला काढा आणि हवा वाढवा. काही जण डब्यात स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव सोडतात, ते बुरशी खातात आणि अंड्यांना काही करत नाहीत.

पिल्लू नखाएवढं, तांबूस-तपकिरी आणि भलतंच चपळ असतं. सुरुवातीला ते खाण्यापेक्षा पळण्यातच दंग असतं आणि सतत वर, उजेडाकडे चढत राहतं. मोठ्या पिंजऱ्यात सोडलं तर पानापर्यंत न पोचताच थकून मरतं. म्हणून असं करा:

- पहिले दिवस लहान डब्यात ठेवा, आणि पिल्लू कुठेही गेलं तरी पानावरच जाईल इतकी पानं भरा, विशेषतः वरच्या बाजूला.
- कात्रीने पानांच्या कडा कापा. इवल्या जबड्यांना कापलेल्या कडेवर चावा धरता येतो.
- मिळालीच तर ओकची पानंही सोबत ठेवा.
- जवळून मोठे थेंब मारू नका, पिल्लू थेंबात अडकतं. दुरून हलका तुषार पुरे.
- आधीची एखादी खाणारी, थोडी मोठी पिल्लं सोबत असतील तर उत्तम.

तळाशी काळे ठिपके, म्हणजे विष्ठा, दिसली आणि अंगावर हिरवट झाक आली की ते खायला लागलं. सगळं नीट करूनही काही पिल्लं जातात. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

तारखा, खाणं, किती फुटली, किती जगली, याची वही ठेवा. पापुआ न्यू गिनीतल्या काही पानकिड्यांचे नुसते नर माहीत होते, काहींच्या नुसत्या माद्या, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या इन्सेक्टेरियममध्ये, म्हणजे कीटकांच्या संग्रहालयात, अंड्यांपासून पिल्लं वाढवली, तेव्हा एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही 'गट' बाहेर आले आणि २०२० साली ते कोडं सुटल्याचं प्रसिद्ध झालं. काळजीपूर्वक सांभाळून लिहून ठेवल्यामुळेच ते कळलं.

९. भारतात जाताना

दोन-तीन दिवस बाहेर जायचं असेल तर ताज्या फांद्या आणि भरपूर तुषार पुरतो. महिनाभराच्या सुट्टीला शेजारी लागतोच. त्यांना झुडपाची जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवा आणि किड्यांची संख्या लिहून पिंजऱ्यावर चिकटवा. निघताना आपण घराचं हीटिंग बंद करतो, आणि इथेच घात होतो. रिकाम्या घरात जानेवारीची थंडी या उष्ण प्रदेशातल्या प्राण्याला झेपत नाही. सोपा उपाय म्हणजे पिंजरा शेजाऱ्यांच्याच घरी ठेवणं.

१०. कायदा आणि कागदपत्रं

ब्रिटनमध्ये या जाती घरी पाळायला परवाना लागत नाही. भाडेकरार मात्र वाचा. 'कोणताही प्राणी नको' असं लिहिलेलं असेल तर घरमालकाकडून ईमेलवर होकार घेऊन ठेवा. परदेशी प्राणी बाहेर सोडणं १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने गुन्हा आहे. जादा अंडी कुणाला द्या. देता येत नसतील तर काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच कचऱ्यात टाका.

अमेरिकेत परदेशी पानकिड्यांसाठी कृषी खात्याचा परवाना लागतो आणि घरगुती हौसेला तो सहसा मिळत नाही, तेव्हा तिथे हा नाद नको. ऑस्ट्रेलियात बाहेरचे किडे नेता येत नाहीत, पण क्वीन्सलंडमधली एक स्थानिक जात पाळतात.

भारतात जिवंत कीटक आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली आधी परवाना लागतो. नातवंडांना दाखवायला म्हणून सामानातून अंडीसुद्धा नेऊ नका. पेरू-आंबा खाणारा परका किडा तिथल्या बागांत सुटणं ही गंमत नाही. सह्याद्रीत आपले स्वतःचे पानकिडे आहेत. नैऋत्य भारतातली एक जात तर २०२३ मध्येच नव्याने नोंदली गेली. दिसला तर फोटो घ्या आणि त्याला तिथेच राहू द्या. संरक्षित जंगलातून कीटक उचलणं बेकायदा आहे.

भारतातल्या घरात मुलांना किडा वाढताना दाखवायचाच असेल तर कुंडीतलं लिंबू किंवा कढीपत्ता पुरेसा आहे. त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आपोआप येतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी फांदीसकट जाळीच्या डब्यात ठेवा. ती मोठी होऊन हिरवी होते, मग कोश करते. वर सांगितलेले पानं धुण्याचे, बाटलीचं तोंड बंद करण्याचे आणि कात टाकताना हात न लावण्याचे नियम तिलाही जसेच्या तसे लागू आहेत. फुलपाखरू बाहेर आलं की पंख पूर्ण सुकेपर्यंत थांबा आणि दिवसाउजेडी त्याच कुंडीपाशी सोडा.